कुशल स्वयंसेवक बोलावण्याआधीची आमची तयारीची यादी

मागे पुण्याहून एक संगणकातला मुलगा दोन दिवसांची रजा टाकून आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या धडगावच्या (जि. नंदुरबार) कार्यालयात आला. वेबसाइट नीट करून द्यायची, एवढंच ठरलं होतं. पहिला दिवस पासवर्ड शोधण्यात गेला. तो आधीच्या कार्यकर्त्याच्या जुन्या मोबाइलवर होता आणि कार्यकर्ता लग्नाला गेलेला. दुसऱ्या दिवशी वीज गेली. मुलगा जाताना गोड बोलून गेला, पण पुन्हा फिरकला नाही. चूक सोळा आणे आमची होती. ही यादी त्यानंतर केलेली आहे.

माणूस शोधायच्या आधी काम कागदावर उतरवायचं. यात आम्ही सगळ्यात जास्त मार खाल्ला. ‘आदिवासी मुलांसाठी आपला अमूल्य वेळ द्या’ असे निरोप आम्ही वर्षानुवर्षं व्हॉट्सअॅपवर फिरवले. त्यावर नमस्काराची चित्रं यायची, माणूस येत नसे. अमळनेरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला फोन केला, तर त्यांनी आमचं कार्य पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाऊ, ते सगळं ठीक शे, पन तुमले नेमकं काय जोये?” आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता आम्ही असं लिहितो: ‘गेल्या आर्थिक वर्षातल्या साधारण चारशे देणगी पावत्या एक्सेलमध्ये भरून हव्या आहेत, देणगीदाराच्या पॅन क्रमांकासह. ३१ मेच्या आत फॉर्म १०बीडी (आयकर खात्याला द्यायची देणग्यांची माहिती) भरायचा असतो, म्हणून यादी एप्रिलअखेर लागेल. आठवड्याला चार तास, सहा आठवडे. शंका विचारायला आमच्या हिशेबाच्या ताई संध्याकाळी सहानंतर फोनवर असतात.’ यात सेवा, त्याग, समर्पण यातला एकही शब्द नाही. पण वाचणाऱ्याला आपल्याला जमेल की नाही ते लगेच कळतं, आणि नाही म्हणायलाही सोपं जातं. हिशेब पुण्यात बसूनही करता येतो, पण देणगीदारांचे पॅन क्रमांक बाहेर जाऊ नयेत म्हणून हे काम आम्ही कार्यालयातल्या संगणकावरच ठेवलं आणि शहाद्याचा माणूस शोधला. कुठलं काम घरून आणि कुठलं इथे येऊन, हे कागदावर आधीच असू द्या.

काही कामं यादीतून काढून टाका. रोजचं आणि कधी न संपणारं काम स्वयंसेवकावर टाकू नये, त्याला पगारी माणूसच लागतो. कोर्टकचेरीसाठी ओळखीच्या वकिलाच्या मागे लागण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मग पंचांग बघा, दोघांचंही. चार्टर्ड अकाउंटंटला जुलै ते ऑक्टोबर त्रास देऊ नका. विवरणपत्रं आणि ट्रस्टांची ऑडिटं यात त्याला डोकं वर काढायला वेळ नसतो. फेब्रुवारीत विचारा. आपल्याकडे दिवाळीनंतर निम्मं गाव गुजरातेत ऊसतोडीला जातं, होळीच्या आठवड्यात सातपुड्यात कुणी बैठकीला बसत नाही, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना मुंबईच्या डॉक्टरला पाड्यांवर फिरवणं म्हणजे त्याचंच शिबिर भरवायची वेळ. आरोग्य तपासणीसाठी नोव्हेंबर चांगला वाटतो, पण माणसंच गावात नसतील तर थंड हवा काय कामाची?

शोधायचं कुठे? लांब बघण्याआधी जवळ बघा. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले किती तरी लोक वायरिंगपासून भांडारनोंदीपर्यंत सगळं जाणतात आणि घरी कंटाळलेले असतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या लेकींमध्ये आता परिचारिका, शिक्षिका, सॉफ्टवेअरवाल्या आहेत. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, सुरत-पुण्याची मंडळी घरी येतात. त्या दिवसांत आग्रह करू नका, ओळख करा आणि कामाचा कागद हातात द्या. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडून मनुष्यबळ मिळतं, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. पण बांध घालणं वेगळं आणि वनहक्काचा नकाशा काढणं वेगळं. दुसऱ्यासाठी भूगोल किंवा सिव्हिलच्या प्राध्यापकांना गाठा. कंपनीकडे जाताना एक ध्यानात असू द्या: कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत कंपनीला सीएसआरच्या, म्हणजे नफ्यातून समाजकामावर खर्चायच्या, दोन टक्क्यांत धरता येत नाही. म्हणून ‘तुमचा सीएसआर होईल’ असं आमिष दाखवू नका, समोरचा हसेल.

घरची तयारी कंटाळवाणी आहे, पण तीच नडते. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए आणि ८०जीची (आयकर सवलतीची) कागदपत्रं एका फाइलमध्ये हवीत. पासवर्ड एका वहीत, वही कपाटात, किल्ली दोघांकडे. एक इन्व्हर्टर. नंदुरबारहून वर यायला एसटी कोणती, घाटात पावसात काय होतं, हे आधीच कळवा. भाडं आणि जेवण आम्ही देतो. कुणी नको म्हणालं तर त्याची मर्जी, पण विचारायचं आपण. मुलांसोबत काम असेल तर आमचा एक कार्यकर्ता कायम सोबत असतो आणि फोटो परवानगीशिवाय नाहीत. हा नियम डॉक्टरलाही लागू. पावरी किंवा भिली या इथल्या आदिवासी बोली बोलणारा माणूस पूर्ण वेळ द्या, नाहीतर पाहुणा मराठीत बोलत राहील आणि बायका नुसत्या माना हलवतील.

शाल-श्रीफळ पहिल्या दिवशी नको. सत्कारात दोन तास जातात आणि त्याच्याकडे असतात सहा. शेवभाजी खाऊ घाला, तेवढं पुरे.

काम संपायच्या आदल्या दिवशी आमचा माणूस त्याच्या शेजारी बसतो आणि तेच काम एकदा स्वतः करून दाखवतो. अडला तर अडलेलं लिहून घेतो. मग फाइल कुठे ठेवली, पासवर्ड बदलला का, हे वहीत चढतं. अमळनेरचे ते निवृत्त बँक अधिकारी काका ही वही मागून घेतात आणि तारीख टाकली नसेल तर परत करतात.