दाखला नाही, आधार नाही, पत्ता नाही : मुलाला शाळेत बसवायचं कसं

पुलाखाली, फुटपाथवर, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडाशेजारच्या पालात राहणारं मूल घेऊन तुम्ही शाळेत गेलात की तीन प्रश्न ठरलेले असतात. आधीची शाळा सोडल्याचा दाखला आणलाय का? आधार आहे का? राहता कुठे? तिन्हींना उत्तर नसलं तरी 6 ते 14 वर्षांच्या मुलाला महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा परत पाठवू शकत नाही. 2009चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे, आणि त्यात क्रम स्पष्ट आहे : आधी प्रवेश, कागद मागाहून.

मुलासोबत आई-वडीलच हवेत असंही नाही. ज्याच्या ताब्यात आणि सांभाळात मूल आहे तो कायद्याने पालक, म्हणजे आजी, मावशी, थोरली बहीण चालते. मूल अगदीच एकटं असेल तर मात्र आधी 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा.

जाण्याआधी वयाचं बघून ठेवा. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीची नोंद, नाहीतर पालकाने साध्या कागदावर लिहून दिलेलं वयाचं घोषणापत्र चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम 14 सांगतं. पण इथे घाई करू नका. विचारणारं कोणी नसलं की शाळेत बहुतेकदा 1 जून लिहून मोकळे होतात. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलांच्या कायम नोंदवहीत, एकदा चढलेली ती तारीख आणि नावाचं स्पेलिंग पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जातं, आणि शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून आईला विचारा : जन्म पोळ्याच्या आधी की नंतर? तेव्हा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, कुठल्या कारखान्यावर होता? धाकटं भावंड किती वर्षांनी झालं? लसीचं कार्ड पिशवीच्या तळाशी निघतं का, तेही पाहा.

मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, दोन प्रतींत. एवढा मजकूर पुरतो :

«माझ्या सांभाळात असलेला मुलगा (नाव), वय 9 वर्षे, सध्या मुक्काम उड्डाणपुलाखाली, भाजी मंडईसमोर, यास शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 4, 5 व 14 प्रमाणे वयानुरूप वर्गात आजच प्रवेश द्यावा. दाखला व आधार सध्या उपलब्ध नाही.»

पत्त्याच्या जागी खरा मुक्काम लिहा. दुसऱ्याच्या खोलीचा पत्ता दिला तर पुढे हजेरीसाठी शोधायला आलेल्या शिक्षकांना मूल सापडत नाही. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का अशी पोच घ्या. नकार बहुतेक वेळा तोंडीच असतो. पोच मागितली की निम्मे नकार तिथेच विरघळतात.

नकारामागचं कारण ओळखलं तर बोलणं सोपं जातं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, पटावरून ठरतात आणि तो पट आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर मोजला जातो. म्हणून आधार नसलेलं मूल नव्या शाळेला नको वाटतं, आणि जुनी शाळा पट घटेल म्हणून ऑनलाइन नोंद सोडत नाही. ही शाळांची खरी अडचण आहे, पण तिचा भार मुलावर टाकता येणार नाही. आधार नाही म्हणून शाळेचा प्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018च्या निकालात स्पष्ट केलं आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, आणि दाखला अडवून धरणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दोन्ही कलम 5 मध्ये आहे. वर्ष अर्धं संपलंय हेही कारण चालत नाही.

मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवू देऊ नका. लहानग्यांत बसायची लाज वाटते आणि पंधरा दिवसांत ते यायचं थांबतं. कलम 4 प्रमाणे त्याचं नाव वयाच्या वर्गात, म्हणजे साधारण पाचवीत, लागतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला किमान 3 महिने ते जास्तीत जास्त 2 वर्षे विशेष प्रशिक्षण मिळतं. चौदा पूर्ण झाले तरी आठवी होईपर्यंत शिक्षण मोफतच. पुस्तकं आणि पोषण आहार पटावर नाव लागल्यापासून मिळायला हवेत. पाचवीपर्यंत रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे.

खाजगी शाळांत याच कायद्याने गरीब व वंचित मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांच्या मागे अशा वेळी लागू नये असं आमचं मत आहे. तिथे राहण्याचा पुरावा लागतो, सोडत असते, अर्जाची मुदत असते, आणि तोवर मूल सिग्नलवरच राहतं.

तरीही प्रवेश दिला नाही तर जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना, महापालिकेच्या शाळेसाठी तिथल्या शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पोच जोडून लेखी तक्रार द्या. परगावाहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे कलम 9 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचंच काम आहे. निकालाला कायद्याने 3 महिने आहेत, आणि त्यानंतर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. पण तीन महिन्यांत उसाचा अर्धा हंगाम सरतो, म्हणून तक्रार दिली त्याच दिवशी केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, फोन करा आणि बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक कोण ते विचारा. शाळाबाह्य मुलं शोधून वर्गात आणणं हे त्यांचंच काम आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने दिवाळीच्या आधीच गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की मूल कितवीत होतं हे पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. मूल गावीच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशीही तेव्हाच करा, टोळी निघाल्यावर उशीर होतो. आणि कुठलीही शाळा सोडताना जनरल रजिस्टरचा नंबर आणि मुलाचा स्टुडंट आयडी वहीत लिहून घ्या, फोनमध्ये फोटोही काढून ठेवा. पुढच्या गावात दाखला यायला दोन महिने लागले तरी त्या नंबरावरून जुनी नोंद शोधता येते.