कोळसा, पवनचक्की, सोलार... तिन्हीकडं हात काळे केलेल्याचा अनुभव

निकाल लागले की गावाकडनं फोन सुरू होतात. "दादा, पोरगं इलेक्ट्रिशियन झालंय, आता औष्णिकला पाठवू का सोलारमध्ये? कोळसा बंद होणार म्हणत्यात." सगळ्यांना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी कवठेमहांकाळ तालुक्यातला, आयटीआय सांगलीत, मग विदर्भात एका औष्णिक केंद्रात ठेकेदाराकडं तीन वर्षं, नंतर ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आणि आता चार वर्षं सोलार. इंजिनियरिंगवाल्यांनी मला विचारू नका, कराड नाहीतर वालचंदच्या पोरांचा रस्ता वेगळा असतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं "लाईटीत नोकरी" म्हणजे बोर्ड, एवढंच माहीत. बोर्डाचे 2005 लाच तुकडे झालेत. महानिर्मिती वीज बनवते, महापारेषण टॉवरवाल्या मोठ्या लाईनी सांभाळते आणि महावितरण आपल्या डीपीपर्यंत आणून देते. आयटीआयवाल्यांना सगळ्यात ओळखीचं पद म्हणजे विद्युत सहाय्यक, त्यात पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची आणि मग तंत्रज्ञ. जागा निघाली की फॉर्म भराच, पण जागा निघायची वाट बघत पारावर बसू नका, तेवढ्यात अप्रेंटिस करून घ्या.

आता कोळसा. मी कोल हँडलिंगला, म्हणजे कोळसा उतरवून बॉयलरपर्यंत पोचवायच्या कामाला होतो आणि तिथला पावसाळा मी जन्मात विसरणार नाही. ओला कोळसा बंकरच्या, म्हणजे कोळसा साठवायच्या मोठ्या टाकीच्या भिंतीला असा चिकटतो की खाली बॉयलरकडं कोळसा सोडणाऱ्या फीडरला दाणा येत नाही, वरनं कंट्रोल रूमचा फोन की लोड पडतोय, आग टिकवायला ऑइल मारतोय, आणि आम्ही चौघं घण घेऊन बंकर बडवतोय, कान बंद, तोंडात काळी थुंकी. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, म्हणजे ट्रेननं आणायची, जाळायची आणि परत नळीतनं तळ्यात सोडायची. ठेकेदारानं माझा दोन महिन्यांचा पीएफ भरलाच नाही, ते वेगळंच दुखणं. जॉइन होतानाच यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर घ्या आणि दर महिन्याला मोबाईलवर पासबुक बघा, नंतर कोण दाद देत नाही.

पण खरं सांगू का, शिस्त मी तिथंच शिकलो. कामाचं लेखी परमिट घेतल्याशिवाय, बंद केलेल्या स्विचला कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय कन्व्हेयरला (कोळशाच्या पट्ट्याला) हात लावायचा नाही म्हणजे नाही. गावात आम्ही फोनवर "बंद केलंय रे, चढ" म्हणून खांबावर चढणारी माणसं बघत मोठे झालो, त्यातली दोन आज नाहीत.

आता लोक भांडतात त्यावर. एक म्हणतो कोळसा संपला, दुसरा म्हणतो सोलार नुसता दिखावा. दोघांनी संध्याकाळी 7 वाजता घराबाहेर येऊन बघावं. सूर्य गेला, पॅनल झोपले, आणि त्याच टायमाला घराघरात दिवे, पंखे, मिक्सर सुरू. ती खिंड लढवायला आपल्या साताऱ्याचं कोयना बरंच कामी येतं, 1960 मेगावॉट, गेट उघडलं की मिनिटांत वीज. पण पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी सोडायचं पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच, कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलेलं, त्यामुळं दिवसभर उधळता येत नाही. औष्णिकचं उलटं, गार पडलेला बॉयलर तापवून लोडवर आणायला कित्येक तास, म्हणून तो बंद करत नाहीत, दुपारी दाबून ठेवतात आणि संध्याकाळी चढवतात. पूर्वी पूर्ण क्षमतेच्या 55 टक्क्यांच्या खाली नेत नव्हते, आता 2023 च्या नियमानं टप्प्याटप्प्यानं 40 पर्यंत न्यायचंय, आणि रोजच्या ह्या चढउतारानं बॉयलरच्या ट्यूबा फुटतात, मग दुरुस्तीला माणसं लागतातच. देशात 2025 ला क्षमतेच्या हिशोबानं निम्मं कोळसा-गॅस सोडून झालं, पण प्रत्यक्षातली युनिटं मोजली तर सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच. म्हणजे तुमची नोकरी उद्या जाणार नाही, पण "कोळशात पर्मनंट, आयुष्य सेट" हे जे काकालोक सांगतात तेही आता धरून चालू नका.

पवनचक्कीचं थोडक्यात. आपल्याकडं वारा जून ते सप्टेंबर, म्हणजे सगळं काम धुक्यात आणि पावसात, उंचीची भीती असली तर पहिल्याच दिवशी कळतं. ढालगाव काय, चाळकेवाडी काय, वनकुसवडे काय, बरीच मशिनं जुनी आहेत, त्यामुळं सर्किट वाचता येणाऱ्याला तिथं मान आहे.

सोलारमध्ये मात्र पोरं फसतात. घरच्या छताला 78 हजारापर्यंत सबसिडी मिळायला लागल्यापासून गल्लोगल्ली दुकानं झालीत, तिथं तुम्हाला पॅनल उचलायला घेतात आणि टेक्निशियन म्हणून कार्ड देतात. सहा महिन्यांत हातात क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजायचा) आला नाही तर निघा. माझ्या एका साईटला बारा स्ट्रिंगांतली (एकामागं एक जोडलेल्या पॅनलांची माळ) एक रोज दुपारी कमी अँपिअर दाखवायची, पॅनल धुतले, सावली बघितली, काही नाही. शेवटी कनेक्टर हातानं चाचपत गेलो तर एक गरम लागला, कुणीतरी वायरीची पिन दाबायचं क्रिम्पिंग टूल न वापरता पकडीनं दाबलेला, आत प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. चालू लोडवर तो ओढला असता तर माझा हात भाजला असता, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ओढत जाते. आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारा) बंद केला म्हणजे वीज बंद हे डोक्यातनं काढा, ऊन आहे तोवर पॅनल जिवंत.

ह्या कामातलं एक समाधान सांगतो. कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांची वेगळी लाईन, सोलारवर गेला की मोटरीला दिवसा लाईट. आमच्या आबांनी अर्धं आयुष्य रात्री दोनला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजलं, शिराळा-कराडकडं तर आता बिबट्याची भीती. कोळसा की सोलार हा वाद आबांना कधी कळला नाही, त्यांनी फक्त विचारलं, "दिवसा येणार का न्हाय?"

भाच्याला काय सांगितलं ते विचाराल तर, वायरमनचा परवाना काढ आणि सोबत बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचं बघ. कारण वाफ आणि टर्बाईन शिकलेलं वाया जात नाही, आपल्या पट्ट्यात बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करणारे साखर कारखाने आहेतच. तो म्हणाला, मामा मला ड्रोननं पॅनल तपासायचंय. म्हटलं तेही शिक, पण आधी उद्या माझ्याबरोबर साईटला चल, टेस्टर घेऊन.