पासपोर्ट तिकडे अडकलाय? आधी सोलापुरातल्या दाराचं कुलूप बघा

"काका, त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही की ओ." अशोक चौकातल्या ओळखीच्या पोराचा आखातातून फोन होता. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून पासपोर्टच्या कामाला गेला आणि दहा मिनिटांत हात हलवत परत आला. खिडकीमागचा माणूस कसा बोलला, कागद कसे सरकवले, मागे उभे असलेले कसे हसले, सगळं त्यानं तपशिलात सांगितलं. मी विचारलं, "कमी काय पडलं?" तर म्हणाला, "ते नाही विचारलं."

मी स्वतः आखातात १२ वर्षं काढली. आता जुळे सोलापुरात राहतो आणि तिकडच्या पोरांचे असे फोन घेतो. बहुतेकांची पहिली चूक हीच असते. अपमान लक्षात राहतो आणि त्रुटी विसरते.

खिडकीमागं कोण बसलंय ते आधी समजून घ्या. बऱ्याच देशांत भारतीय दूतावासांनी अर्ज स्वीकारण्याचं काम खासगी कंपन्यांना दिलंय. तिथला पोरगा पगारी नोकर, समोर एक यादी आणि दिवसाला शेकडो टोकन. तुम्हाला पासपोर्ट द्यायचा की नाही, हे त्याच्या हातात नाही. ते आतला, म्हणजे दूतावासातला कॉन्सुलर अधिकारी ठरवतो आणि तो तुम्हाला कधी दिसतच नाही. म्हणजे खिडकीवर आवाज चढवून काहीच हलत नाही, उलट मागच्या रांगेतली माणसं तुमच्यावरच चिडतात. मोबाईल काढून शूटिंग करणं तर त्याहून वाईट. गार्ड बाहेर काढतो आणि विषय पासपोर्टवरून तुमच्या वागण्यावर जातो.

त्यापेक्षा एकच प्रश्न विचारा, "नेमका कुठला कागद कमी आहे? लिहून देता का?" नाही दिलं तर बाहेर बाकावर बसून लगेच तुम्हीच लिहा. अर्जाचा नंबर, तारीख, टोकन, किती वाजता काय सांगितलं, एवढं चार ओळींत लिहून दूतावासाच्या पासपोर्ट विभागाला ईमेल करा. त्यात 'उद्धट', 'माजोरडा' असले शब्द नकोत. हे शब्द मीही वापरलेत, म्हणून सांगतो. आतला अधिकारी ते वाचतो आणि बाजूला ठेवतो. नुसती तारीख आणि नंबर असला की मात्र त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

एक बारीक गोष्ट. खिडकीवरून परत पाठवणं म्हणजे पासपोर्ट नाकारणं नव्हे. खरंच नाकारला तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणं कारणं लेखी नोंदवावी लागतात. मागितली तर सहसा तुम्हाला ती द्यावी लागतात आणि त्यावर अपील करता येतं. त्यामुळं तोंडी 'होणार नाही' ऐकून खचू नका.

नावाचा घोळ

हा घोळ तर आपल्या गावचाच. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी. शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, आधारवर दुसरा. मराठी घरांत मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टच्या फॉर्मला यातलं काही कळत नाही. त्यात दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून जातं.

नूतनीकरणाला सरकारी भाषेत रि-इश्यू म्हणतात. त्यात जुन्या पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच उतरवा. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी 'जाता जाता सुधारून घेऊ' म्हणू नका. सुधारणा म्हटलं की वेगळे कागद आले, वेगळी तपासणी आली, आणि व्हिसा जुन्या स्पेलिंगवर असला की नवा ताप. लग्न झालं म्हणून बायकोचं नाव पासपोर्टवर बदलायलाच हवं, असंही काही नाही.

आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी मात्र याच वेळी विचार करावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनायटेड अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश देणं थांबवलं, तेव्हा कित्येकांना आपला रिकामा रकाना पहिल्यांदा दिसला. हा बदल करायचाच असेल तर हाताशी भरपूर महिने ठेवून करा.

पोलीस आले होते, कुलूप होतं

हे माझ्यावर गुदरलंय. माझा अर्ज तिकडे गेला आणि पोलीस पडताळणीचा कागद इकडे, सोलापुरात आला. आई बहिणीकडे लातूरला गेली होती. पोलीस आला, दाराला कुलूप. शेजाऱ्यांना विचारलं तर ते खरं तेच बोलले, "ते इथं राहत नाहीत, परदेशात असतात." झालं! 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत.' मी तिकडे दर आठवड्याला खिडकीवर जाऊन भांडत होतो आणि फाइल माझ्याच गल्लीत अडून बसली होती.

प्रत्येक अर्जाची पडताळणी होतेच असं नाही. कधी ती पासपोर्ट हातात पडल्यावर होते, कधी जुन्या नोंदी स्वच्छ असल्या की लागतही नाही. पण होणार असं धरूनच चाला. फॉर्म भरायच्या आधी घरी फोन करा. भारतातला पत्ता म्हणून जिथं खरोखर आपलं माणूस राहतं तोच द्या. जुना वाडा विकला असेल, घर भाड्यानं दिलं असेल, आई-वडील पुण्याला मुलीकडे गेले असतील, तर आधारवरचा पत्ता आधी जुळवून घ्या. घरात एक फाइल तयार ठेवा: जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, आधार, लाइट बिल, दोन फोटो. शेजाऱ्यांना सांगून ठेवा की विचारलं तर 'नोकरीला बाहेर आहे, घर हेच, आई-वडील इथंच असतात' असं सांगा. खरं असेल तरच, अर्थात.

हद्दवाढ भागातल्यांनी आणखी एक बघावं. आपला पत्ता शहर पोलीस आयुक्तालयात येतो की सोलापूर ग्रामीणमध्ये, हे पक्कं माहीत असल्याशिवाय पोलीस ठाण्याचं नाव भरू नका. चुकलं की कागद एका ठाण्यातून दुसऱ्यात फिरत बसतो. आठ-दहा दिवसांत कुणी आलं नाही तर घरातल्या कुणीतरी ठाण्यात जाऊन पासपोर्टचं काम बघणाऱ्या अंमलदाराला नम्रपणे विचारावं. या पडताळणीला फी नसते. 'चहापाण्याचं' काय, ते तुम्हाला मी सांगायला नको, पण द्यायचं काही कारण नाही.

गावी एखादी फौजदारी केस चालू असेल, अगदी भाऊबंदकीतली मारामारी असली तरी, फॉर्ममध्ये लपवू नका. पडताळणीत ती निघतेच. केस चालू असताना कोर्टाच्या परवानगीनं पासपोर्ट मिळण्याची वाट १९९३ च्या अधिसूचनेनं ठेवलेली आहे. वकिलाला विचारा.

वेळ आणि फोटो

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. तरी लोक शेवटचे दोन महिने उरले की जागे होतात. बरेच देश सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीवर आत घेत नाहीत, म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊच वर्षं चालतो. मुलांचा तर सहसा पाचच वर्षांचा, आणि तोच नेमका विसरला जातो. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल तर तो रद्द केलेला पासपोर्टही जपून ठेवा, प्रवासात दोन्ही लागतात. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चेहरा चौकटीचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापणारा. नवी पेठेत काढलेला जुना निळा फोटो तिथं चालत नाही.

तक्रार करायचीच असेल तर

ट्विटरवर पासपोर्टचा फोटो टाकून मंत्र्यांना टॅग करणारे पाहिले की माझा जीव घाबरा होतो. तो नंबर कुणीही वापरू शकतं. पायरीनं जा. आधी दूतावासाला ईमेल. बरेच दूतावास लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकायला ओपन हाउस भरवतात, तिथं त्या ईमेलची प्रिंट घेऊन जा. मग परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल, ते २०१५ पासून आहे आणि तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तरीही शांतता असेल तर माहितीचा अधिकार. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आणि परदेशातला भारतीय नागरिकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्यात 'उशीर का केला' असं विचारू नका, गुळमुळीत उत्तर येतं. 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली, त्याची प्रत द्या' असं मागा.

आणि वैतागून दुसरा अर्ज भरू नका. पहिला उघडा असताना दुसरा आला की दोन्ही लटकतात. गड्ड्याच्या यात्रेला सुट्टीवर येऊन इथंच काम उरकू म्हणणाऱ्यांनीही आधी तिकडचा अर्ज रीतसर बंद करावा. आपल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात दिलेल्या अर्जाचा निर्णय पुण्याच्या कार्यालयात होतो आणि सुट्टी काही वाढत नाही.

अशोक चौकातलं पोरगं पुढच्या आठवड्यात परत गेलं. फोटोच चुकला होता. नवा दिला, पावती मिळाली. त्या माणसानं याही वेळी वर बघितलं नाही म्हणे. मी लगेच त्याच्या आईला फोन लावला, तर ती अक्कलकोटला भाचीच्या लग्नाला निघाली होती, पाच दिवसांसाठी. म्हटलं, "अक्का, आधी किल्ली आणि ती फाइल शेजारी देऊन या. मग बसा गाडीत."