मुलाच्या मानेला मार लागला तर आधी उचलू नका

पावसाळा लागला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत मुलं ओहोळात, तळीत, विहिरीत सूर मारतात. सांजांवला, म्हणजे गोव्यात जूनमध्ये विहिरीत उड्या मारायच्या सणाला, तर मोठेही मारतात. गढूळ पाण्याखालचा खडक दिसत नाही, डोकं आधी आपटतं आणि मान दुमडते. याशिवाय झाडावरून पडणं आहेच, आणि सगळ्यात जास्त वाहनांचे अपघात: स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल, गाडीत बेल्ट न लावलेलं मूल. अपघात विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षं काढली, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे.

अशा अपघातानंतर मूल मान दुखते म्हणालं, हातापायांना मुंग्या आल्या, हात-पाय हलेना किंवा शुद्ध हरपली, तर मानेला मार आहे असंच धरा. कडेवर घेऊ नका, बसवू नका, पाणी पाजू नका. ‘उठून चाल बघू’ हे तर मुळीच नको. रिक्षातून आईच्या मांडीवर आणलेली लेकरं मी पाहिली आहेत. मान कोपरावरून लोंबत असते. त्या आईचा राग कधी आला नाही, पण तिला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

एकाने १०८ लावा. दुसऱ्याने मुलाच्या डोक्यामागे बसून, कोपरं जमिनीला टेकवून, दोन्ही तळव्यांनी डोकं आहे तसं धरावं. कोपरं टेकली की हात थरथरत नाहीत. मान वाकडी असली तरी सरळ करायला जाऊ नका. ‘बाय, मान हलवू नकोस, मी इथेच आहे,’ असं बोलत राहा. उलटी आली तर डोकं धरणाऱ्याने एक-दोन-तीन म्हणावं आणि सगळ्यांनी डोकं, खांदे, कंबर एकदमच कुशीवर वळवावं. श्वास थांबला असेल तर मात्र आधी श्वास: पाण्यात असेल तर लगेच बाहेर काढा, डोकं मागे न झुकवता जबडा पुढे ओढा आणि सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा.

साधारण आठ वर्षांखालच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. सपाट फळीवर निजवलं की हनुवटी छातीकडे झुकते. म्हणून फळीवर घेताना खांद्यांपासून कंबरेपर्यंत दुमडलेली चादर घालतात, म्हणजे कान आणि खांदा एका रेषेत येतात. याच मोठ्या डोक्यामुळे आणि सैल अस्थिबंधांमुळे (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांमुळे) लहान मुलांत मार बहुधा मानेच्या वरच्या मणक्यांना बसतो. श्वासपटलाच्या, म्हणजे छातीखालच्या श्वास घेणाऱ्या मुख्य स्नायूच्या, नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघतात, म्हणून वरचा मार थेट श्वासावर येतो.

एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मुलांत हाड शाबूत राहूनही मज्जारज्जू दुखावतो. ते एमआरआयमध्ये दिसू शकतं. कधी अशक्तपणा काही तासांनी, क्वचित दोन-चार दिवसांनीही उघड होतो. घरी आल्यावर पेन धरवेना, पाय अडखळायला लागला, लघवी अडली, तर त्याच क्षणी परत न्या.

मोडलेली बरीच हाडं कॉलर किंवा हेलोने (मान स्थिर ठेवण्यासाठी डोक्याभोवती बसवलेल्या कड्याने) जुळतात; अस्थिबंध तुटले असतील तर बहुधा शस्त्रक्रिया लागते. मज्जारज्जू वाचला असेल तर मुलं छान बरी होतात. थोडी जरी संवेदना उरली असेल तरी सुधारणेला वाव असतो. पूर्ण लकवा मात्र क्वचितच उलटतो. लहान वयात लकवा आला तर वाढत्या अंगाबरोबर कणा वाकतो, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणीची एकही तारीख चुकवू नका.