होलसेल औषधवाल्यांनो, इन्स्पेक्शनसाठी रेकॉर्ड असं तयार ठेवा

ड्रग इन्स्पेक्टर आले की आधी बघतात भिंतीवरची लायसन्स, म्हणजे होलसेल विक्रीची २०-बी आणि २१-बी, दर ५ वर्षांची रिटेन्शन फी (लायसन्स चालू ठेवायची फी) भरलीय का आणि कॉम्पिटंट पर्सन, म्हणजे विक्रीवर देखरेख ठेवणारा पात्र माणूस, जागेवर आहे का. हे पटकन उरकतं, खरा वेळ जातो तो बॅचमध्ये, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या, एकच नंबर असलेल्या मालाच्या हिशोबात.

रॅकवरचा एखादा बॉक्स उचलून विचारतात, ही बॅच कुणाकडून घेतली, किती आली, कुणाला किती दिली, शिल्लक किती. १०० आले आणि ६० गेले तर समोर ४० च दिसले पाहिजेत. मेळ बसत नाही तो बहुतेक वेळा मेडिकलवाल्याने परत केलेल्या मालामुळे, तुटफुटीमुळे नाहीतर स्कीममध्ये फुकट आलेल्या स्ट्रिप्समुळे, कारण फुकटच्या मालाची एंट्री कोण करतं असं आपल्याकडे सर्रास चालतं. करा ती एंट्री. आणि दर महिन्याला चार-पाच बॅच स्वतःच काढून हाच हिशोब लावून बघा, फरक तेव्हाच सापडतो.

विक्रीच्या बिलावर तारीख, आपला लायसन्स नंबर, घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि त्याचा लायसन्स नंबर, औषध, नग, बॅच, कंपनी आणि कॉम्पिटंट पर्सनची सही हे सगळं पाहिजेच. बॅच नंबर तर अजिबात सोडू नका, उद्या ती बॅच निकृष्ट निघाली तर कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानातून परत मागवायची हे त्या बिलावरूनच कळणार आहे, आणि तोपर्यंत ते औषध कुणीतरी घेत असतं हो.

बिलं विक्रीच्या तारखेपासून ३ वर्षं जपायची, कॉम्प्युटरवर असतील तर बॅकअप वेगळा ठेवा. एक्स्पायरीचा माल विक्रीच्या मालात मिसळू देऊ नका.

फॉर्म ३५ ची इन्स्पेक्शन बुक हाताशी ठेवा, साहेब शेरा लिहितील तो तिथेच नीट वाचा आणि समजला नाही तर विचारा. कागद किंवा माल जप्त केला तर फॉर्म १६ ची पावती घ्या, सॅम्पल घेतलं तर फॉर्म १७ ची लेखी सूचना. फॉर्म १५, म्हणजे माल न विकण्याचा आदेश, दिला तर तो माल हलवायचा नाही, ही मनाई जास्तीत जास्त २० दिवसांची असते. रेकॉर्ड दाखवायला मात्र नकार देऊ नका, जाणूनबुजून अडथळा आणला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे नोटीस आलीच तर मुदतीत लेखी उत्तर द्या, आणि लायसन्स सस्पेंड झालं तर ऑर्डरच्या तारखेपासून ३ महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.