पहिल्या केमोआधी घरात काय काय हवं

स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो ठरली की घरातले सगळे त्या तारखेच्या मागे लागतात. सुट्टी कोण टाकणार, सोबत कोण जाणार, डब्याचं काय. खरं तर केमोचा दिवस बहुतेकींचा नीट पार पडतो. उलटीचं औषध आधीच दिलेलं असतं, सिस्टर हाकेच्या अंतरावर असतात. तयारी लागते ती नंतरच्या दोन आठवड्यांची, आणि ती घरातच करायची असते. माझ्या जाऊबाईंच्या केमोत मी त्यांच्याजवळ होते. तेव्हा जे उपयोगी पडलं ते लिहिते आहे. त्यांचा कोर्स आपल्याकडे बऱ्याच जणींना देतात तोच होता: आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, दर 21 दिवसांनी, चार वेळा, मग पॅक्लिटॅक्सेल. तुमची औषधं वेगळी असतील तर त्यांची नावं फाइलमध्ये बघा आणि त्यांचे त्रास डॉक्टरांना विचारून घ्या.

पहिली वस्तू थर्मामीटर. डिजिटल, चालू सेलचा आणि उशाशी ठेवलेला. बाकी यादी अर्धवट राहिली तरी चालेल, हा हवाच. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सगळ्यात खाली असतात. गंमत अशी की तोवर मळमळ ओसरलेली असते, बाईला जरा बरं वाटायला लागतं आणि नेमके त्याच दिवसांत नातेवाईक भेटायला येतात. त्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, थंडी वाजून आली, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. "कणकण आहे, वाफ घे, झोप" हे एरवीचं शहाणपण इथे जिवावर बेतू शकतं. म्हणून केमोच्या आधीच ठरवा: रात्रीचा फोन नंबर कोणता, गाडी कोणाची, फाइल कुठे ठेवली आहे. दूर गावी राहत असाल तर जवळचं कोणतं हॉस्पिटल रात्री दाखल करून घेईल तेही डॉक्टरांना विचारा, आणि तिथे पोचल्यावर "केमो चालू आहे" हे पहिलं वाक्य बोला.

भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावं. पेशंटने नव्हे. आमच्याकडे ते सासूबाईंनी घेतलं. त्या दारातच सांगत, "सर्दी-खोकला असेल तर आत येऊ नका, फोनवर बोला." कोणाला राग आला असेल तर आला. हात धुवायला साबण दाराजवळच्या बेसिनवर ठेवा.

केमोआधी दात दाखवून घ्या; किडका दात असेल तर उपचार आधीच झालेला बरा. डॉक्सोरुबिसिन असेल तर हृदयाचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, त्याचा रिपोर्ट फाइलला लावा. मूल हवं असेल, वय लहान असेल, तर त्याविषयीचा प्रश्न पहिल्या सलाईनच्या आधी विचारायचा असतो. संकोचापायी तो राहून जातो, म्हणून नवऱ्याने किंवा बहिणीने विचारला तरी चालेल. शिधापत्रिका आणि आधार कार्डाच्या प्रती काढून ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. रेल्वेने मुंबईला टाटाला ये-जा असेल तर सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो.

सलाईन चालू असताना सुईच्या जागी आग झाली, दुखलं, फुगलं तर लगेच सिस्टरला हाक मारायची. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीला मोठी इजा होते. ते नीट शिरेतून गेलं तरी नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर येते. ते रक्त नसून औषधाचाच रंग असतो, हे आधी माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. नंतर मात्र लघवीत जळजळ किंवा रक्त वाटलं तर कळवा. भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही. पहिले दोन दिवस संडासात दोनदा पाणी ओता, आणि उलटीचे कपडे धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.

गोळ्यांची वेळ मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. उलटीच्या गोळ्या उलटी व्हायची वाट न बघता, सांगितलेल्या वेळीच घ्यायच्या. यातल्या ऑनडान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं. जाऊबाईंना मळमळीपेक्षा त्याचाच जाच झाला. इसबगोल किंवा रेचक चालेल का हे आधीच विचारून घरात आणून ठेवा, पण स्वतःहून एनिमा अजिबात घेऊ नका. उलट जुलाब लागले तर ओआरएसची पाकिटं घरात हवीत. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात. ते अपेक्षित आहे, गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितलेलीच.

स्वयंपाकघरात फार आणायची गरज नाही. मुगाची मऊ खिचडी, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, उकडलेलं अंडं, थोडं थोडं आणि वरचेवर. फोडणीच्या वासाने पोटात ढवळत असेल तर जेवण निवू द्या, मगच वाढा. जिभेला सगळं धातूसारखं लागतं तेव्हा लिंबाची फोड बरी वाटते, तोंड आलं नसेल तरच. बाहेरचा उसाचा रस, पाणीपुरी, उघड्यावरची चिरलेली फळं बंद. कोणी पानाफुलांचा काढा किंवा पुड्या आणून दिल्या तर त्यांच्या भावनेचा मान ठेवा आणि पुडी बाजूला ठेवा. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात काही जाता कामा नये.

तोंडासाठी मऊ ब्रश आणि गुळण्या: पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दिवसातून चार-पाच वेळा. तोंड येण्याआधीपासून सुरू करा.

केस दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. जाऊबाईंचा शेपटा कमरेपर्यंत होता. त्यांनी केमोआधीच तो खांद्यापर्यंत कापून घेतला, आणि उशीवर पुंजके दिसायला लागले त्या दिवशी मुलीकडून मशीन फिरवून घेतलं. कोणी आधी कापतं, कोणी शेवटपर्यंत ठेवतं. तो निर्णय तिचाच असावा, घरातल्यांनी घाई करू नये. मऊ सुती स्कार्फ दोन-तीन घ्या. भुवया, पापण्याही जातात, हे कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिते.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की यादी बदलते. मळमळ कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. ब्लाउजची हूक लावता येईना, पायातली चप्पल निसटलेली कळेना, असं काही झालं तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. डोस कमी करायचा की थांबायचं, हे त्यांना त्यावरूनच ठरवायचं असतं. "सहन करते मी" म्हणून गप्प बसणाऱ्या बायकांचा हाच बधिरपणा पुढे कित्येक महिने राहतो. घरात मागून बंद होणारी चप्पल वापरा, बाथरूममध्ये रबरी मॅट टाका आणि गरम तवा-पातेलं उचलायचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या.