लुक्का बघायचंय? आधी सायकल, मग पायी

इटलीतल्या लुक्काला गेलात तर सकाळीच सायकल भाड्याने घ्या आणि सरळ शहराभोवतीच्या तटावर चढवा, १६व्या-१७व्या शतकातला हा तट अजून अख्खा उभा आहे, वर साधारण ४ किलोमीटरचा रुंद रस्ता, झाडांची सावली, गाड्यांची कटकट नाही. बुरुजांवर थांबत थांबत एक फेरी मारा. मग सायकल परत द्या, कारण व्हिया फिलुंगो या दुकानांच्या रस्त्यावरच्या गर्दीत ती नुसती ढकलावी लागते. पियाझ्झा देल आन्फितेआत्रो हा लंबगोल चौक तर पायीच बघा, रोमन अँफीथिएटरच्या अवशेषांवरच घरं उभी राहिलीत, आणि बाहेरच्या बाजूने वळसा घातला की जुन्या कमानी घरांच्या भिंतीत चिणलेल्या दिसतात, हे चुकवूच नका! पाय दमले नसतील तर ग्विनिजी टॉवर चढा, २००हून जास्त पायऱ्या आहेत पण माथ्यावर चक्क ओकची झाडं.